भुऱ्यावरचा आळ

आत्याबाई, भुऱ्यानं घरात कधीच केलं नव्हतं. एकदाही नाही. हे मला तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी कळलं, आणि आज तुमचं तेरावं होऊन दोन दिवस झाले तरी मी कोणाजवळ बोलले नाही. सांगायचं तर तुम्हालाच सांगायचं होतं. पण तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं, आणि मला नव्हतं, एवढाच सगळा घोळ.

पाहुणे काल गेले. तुमचा लेक आज फर्स्ट शिफ्टला गेला, पिंटू शाळेत. मी ऑफिसातून अजून दोन दिवस सुटी काढली आहे, आणि तुमच्या बाजेवर बसून लिहून राहिली आहे. बाजेवर बसायची माझी हिंमत तुमच्या जिवंतपणी झाली नसती, आता झाली.

जो आला तो म्हणाला, म्हातारीला ऊन लागलं. कोणी म्हणालं, वय झालं होतं, हिंडतीफिरती गेली, सोनं झालं बाईचं. मी मान हलवत होते. कसलं सोनं, आत्याबाई? तुम्ही तहानेनं गेल्या. भिलाईच्या मे महिन्यात, भरल्या माठापासून चार पावलांवर. आणि पाणी तुम्हाला कोणी नाही म्हटलं नव्हतं. तुम्ही ते सोडलं, ते माझ्या धाकानं. हे वाक्य लिहायला मला तीन वेळा कागद बदलावा लागला.

भुऱ्यापासून सांगते.

त्याला आणलं तुमच्या लेकानं. प्लांटच्या कँटीनमागे सापडलेलं पिल्लू डब्याच्या थैलीत घालून दुपारी घरी घेऊन आले. थैलीतून भुरं तोंड बाहेर निघालं तशी तुम्ही देवाचा पडदा ओढून घेतला आणि जाहीर केलं की हे घरात राहील तर मी गावी तुमसरला जाईन. महिनाभर तुम्ही त्याला अंगाला अंग लागू दिलं नाही. भाकर दारातून टाकायच्या आणि हात धुवायच्या. मी मनात म्हटलं, चला, कुत्र्याच्या निमित्तानं का होईना, सासूबाईंना दुसरं कोणी बोलायला मिळालं, माझा थोडा भार हलका झाला.

पिल्लू घरभर मुतायचं. यांना प्लांटात कोणीतरी अक्कल शिकवली होती की त्याचं नाक त्यात घासायचं, वर्तमानपत्राची सुरळी करून दोन द्यायच्या, आठ दिवसांत सुधरतं. एका रविवारी हे तसं करून राहिले होते. पिल्लू केकाटत होतं. तुम्ही पोळ्या लाटता लाटता उठल्या, पिठाच्याच हातानं यांची सुरळी ओढून घेतली.

“लेकरू मुतलं त त्याचं नाक घासते का कोनी? तुयं घासलं होतं का मी?”

यांनी पिल्लू सोडलं. पस्तीस वर्षांचा माणूस, फडकं शोधायला लागला. त्या दिवसापासून भुऱ्याचा तो विभाग तुमच्याकडे आला आणि तुमसरला जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

तुम्ही त्याला शिकवलं असं लोक म्हणतात. मी पाहिलं आहे, तुम्ही आधी त्याच्याकडून शिकल्या. चार दिवस नुसत्या बसून पाहत होत्या. मग मला सांगितलं की खाल्लं का न्यायचं, झोपून उठलं का न्यायचं, खेळून दमलं का न्यायचं, बाकी वेळ त्याला ओढत न्यायचं काम नाही. करायच्या आधी ते एकाएकी खेळ सोडते, नाक जमिनीला लावते आणि गोल फिरते. तेवढ्यात उचललं तर उचललं, नाहीतर फडकं घ्या. पंधरा दिवसांत घर कोरडं झालं. वर्तमानपत्र यांनी पुन्हा वाचायला घेतलं.

जागाही त्यानंच निवडली. आपलं मागचं दार, मग आंगण, आंगणाच्या टोकाला संडास, तिच्या बाजूची फाटकी म्हणजे छोटं फाटक, फाटकीबाहेर मेहंदीची बाड, कुंपणासारखी, आणि तिच्या पलीकडे नालीच्या काठानं वाढलेली बेशरमची झुडपं. कुठेही तोडून फेका, पुन्हा उगवतं, म्हणून इकडे त्याला बेशरमच म्हणतात. भुऱ्याला तीच पसंत पडली. मोठा झाला तसा तंगडी वर करायला लागला, पण ती वर करायला त्याला काहीतरी उभं पाहिजे असायचं, बिजलीचा खांब, झाडाचा बुंधा, भिंतीचा कोपरा. मोकळ्या जमिनीवर तो करायचा नाही. सिमेंटवर तर नाहीच नाही. दुसऱ्या कामाला त्याला गवत लागायचं, तेही कोरडं. तीन चकरा मारायचा आणि मग बसायचा. हे सगळं तुम्ही मला भाजी निवडता निवडता सांगायच्या, आणि मी “हो का” म्हणत ऑफिसची साडी इस्त्री करायची. कुत्र्याचं ते पुराण ऐकायला मला कुठे वेळ होता?

पावसाळ्यात त्याचे नखरे. पाय ओले झाले की साहेब दारातच उभे. मग तुम्ही छत्री उघडायच्या. ती काळी, दोन काड्या मोडलेली. छत्री कुत्र्यावर, तुम्ही अर्ध्या ओल्या, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, आणि भुऱ्या आपल्या ठाण्यावर. बाजूच्या क्वार्टरमधल्या मिसराईन खिडकीतून हसून हसून बेजार व्हायच्या. एकदा त्यांनी विचारलं, अम्मा, कुत्ते को छाता? तुम्ही तुमच्या हिंदीत उत्तर दिलं की पैर भीगा तो वो करता नहीं बाई, और पेट दुखता उसका. यात हसण्यासारखं काय आहे हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्या दिवशी तुमची लाज वाटली होती, हेही आज कबूल करते.

आणि ते दुसरं. एका सकाळी तुम्हाला ताप होता म्हणून मी त्याला घेऊन गेले. अर्धा तास झाला तरी हा नुसता हुंगून राहिला. मला नऊला ऑफिस गाठायचं होतं. तसाच परत आणला आणि तुमच्यावरच चिडले. तुम्ही पांघरुणातून विचारलं, “तू त्याच्याकडं पाहून राहिली होती का?” मी म्हटलं, मग काय करू, डोळे बांधू? तर तुम्ही म्हणाल्या, “पाठ करून उभी राह्य. त्याले लाज वाटते.”

मी खूप हसले. रस्त्यावरच्या जातीच्या कुत्र्याला लाज. तुम्ही हसल्या नाहीत. “लाज सगळ्यायले असते,” एवढंच म्हणून कूस बदलली. मी दुसऱ्यांदा गेले, पाठ करून उभी राहिले, आणि दोन मिनिटांत झालं. तरीही मला त्यातून काही समजलं नाही.

तुमचा त्याच्यावर जीव कावून, का जडला हे मला आता समजते. तुम्ही तुमसरहून इकडे हिंदी मुलखात आल्या तेव्हा साठीला टेकल्या होत्या. घरात आम्ही दोघं कामावर. पिंटू तुमच्याशी हिंदीत बोलायचा. तुम्ही म्हणायच्या, जेवला का रे बापू, तर तो म्हणायचा, हाँ दादी खा लिया. दिवसभर तुमची मराठी ऐकायला कोणी असेल तर तो भुऱ्या. तुमसरच्या शेताची, मामंजींच्या रागाची, सगळी कहाणी त्यालाच पाठ. ये म्हटलं तर यायचा, आओ म्हटलं तर बसून राहायचा.

मग मागच्या दिवाळीपासून तुमचे गुडघे धरले. भिंतीला हात लावत चालायच्या. आपली संडास आंगणाच्या पार टोकाला, मध्ये दोन पायऱ्या. मला ते दिसत नव्हतं असं नाही. मी यांना म्हटलंही होतं की आईंसाठी आत काहीतरी सोय केली पाहिजे. हे म्हणाले, करू. मी म्हटलं, करा. संपलं. माणसं असंच बोलतात, आत्याबाई, आणि वाटतं की बोललो म्हणजे झालं.

संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस ऑफिसातून आले तर तुमच्या खोलीतून मागच्या दाराकडे जाते त्या बोळीत फरशीवर पाणी. पाणी नाही, वासावरूनच कळलं. तुम्ही बाजेवर, भुऱ्या बाजेखाली. मी ओरडले, भुऱ्या, हे काय रे? तुम्ही काही बोलल्या नाहीत. मी आज पुन्हा पुन्हा आठवून पाहते. तुम्ही खोटं बोलल्या नाहीत. त्यानं केलं असं तुमच्या तोंडून कधीच निघालं नाही. नाव मीच घेतलं, तुम्ही फक्त गप्प राहिल्या.

मग चार दिवसांनी पुन्हा. मग दोन दिवसांनी. पावर हाउस भागातल्या बाजारातून मी फिनाइलचा डबा आणला. रोज संध्याकाळी दारातच माझं नाक आधी आत जायचं. चपला काढायच्या आधी माझं तोंड सुरू. मी थकून यायची हो, आत्याबाई. दिवसभर फायली, मग बसचे धक्के, आणि घरी आलं तर हे. मी म्हटलं, कुत्रं म्हातारं नाही, आजारी नाही, मुद्दाम करते. तुम्ही लाडावून ठेवलं.

एकदा तर चप्पल घेऊन मारलं त्याला. तीन वेळा मारलं. तो पळाला नाही, जागीच बसला आणि माझ्याकडे नाही, तुमच्याकडे पाहत राहिला. तुम्ही भिंतीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी तुम्ही जेवल्या नाहीत. मला वाटलं, कुत्र्याला मारलं म्हणून राग. मीही मनवायला आले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला आंगणात साखळीनं बांधलं. तुम्ही म्हणाल्या, बांधू नोको त्याले. आणि मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवते का? तुम्ही विसरल्या असाल तर बरं. मी म्हटलं, मग तुम्ही पुसा.

तुम्ही पुसलं. त्यानंतर मी यायच्या आधी तुम्हीच पुसायच्या. त्या गुडघ्यांनी खाली बसून. मी आले की फरशी ओली असायची आणि फिनाइलचा वास यायचा, आणि मी म्हणायची, आजही केलं ना त्यानं? तुम्ही मान हलवायच्या. ना हो, ना नाही.

आत्याबाई, तो दिवसभर आंगणात बांधलेला होता. बांधलेलं कुत्रं बोळीत येऊन कसं करेल? एवढं साधं गणित. पण मला वाटलं, तुम्ही दया येऊन दुपारी त्याला सोडत असाल. माणसाला एकदा चोर सापडला की मग तो पुरावे पाहत नाही. ते पाणी नेहमी बोळीच्या मधोमध असायचं. भिंतीला एक थेंब नाही, कोपऱ्याला नाही, दाराच्या चौकटीला नाही. तंगडी वर करणारा कुत्रा, सिमेंटवर न करणारा कुत्रा, लाजणारा कुत्रा. तुम्ही मला सगळं शिकवलं होतं. बाजेपासून संडासपर्यंतचा तुमचा रस्ता मी दोरी लावून मोजला असता तर ते प्रत्येक ओलं त्या दोरीवर सापडलं असतं.

फागुनात मी यांना बसवून सांगितलं की आता एक तर कुत्रं राहील नाहीतर मी. हे मला म्हणाले, आईला विचार. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही गहू निवडत होत्या. सुपातले खडे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमाले जसं बरं वाटन.”

तुम्ही तेव्हा म्हणू शकत होत्या. तिथंच म्हणू शकत होत्या.

यांच्या ओळखीचा एक माणूस रसमड्याला एका कारखान्याच्या गेटवर चौकीदार आहे. त्याला कुत्रं पाहिजेच होतं. रविवारी हे भुऱ्याला स्कूटरवर पायांमध्ये बसवून घेऊन गेले. तुम्ही त्याचं पोतं घडी करून दिलं आणि निरोप दिला की त्याला सकाळी गवतावर न्यायचं आणि त्याच्याकडे पाहायचं नाही. हे हो म्हणाले. स्कूटर वळेपर्यंत तुम्ही फाटकाशी उभ्या होत्या, भिंतीला न धरता.

आणि त्या दिवसापासून बोळ कोरडी झाली. एकदाही ओली नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी यांना जेवताना म्हटलं, चांगलं मोठ्यानं, तुम्हाला ऐकू जाईल असं, पाहा, कुत्रंच होतं की नाही? तुम्ही ताटावरून वर पाहिलं आणि पुन्हा खाली. ताटाजवळचा तुमचा पाण्याचा गडवा भरलेलाच होता. मी तो पाहिला. जेवण झाल्यावर मीच उचलून परत माठात ओतला.

मग तुम्ही चहा सोडला. गोड लागत नाही म्हणाल्या. ताक नको म्हणाल्या, खोकला होते. उन्हाळा चढला, कूलर लावला, आणि तुम्ही दिवसभर दोन घोट पाण्यावर. मला दिसत होतं, आणि मी त्याला नाव दिलं, रुसवा. कुत्र्यासाठी रुसून बसल्या आहेत. मी एकदा म्हटलंही की आत्याबाई, तुम्ही लहान पोर आहात का? तुम्ही हसल्या. तुमचे ओठ फुटले होते. मी त्याला लावायला तूप दिलं.

ते ओठ मी रोज पाहत होते, आत्याबाई. रोज.

मग ती दुपार. मिसराईननं ऑफिसात निरोप पाठवला की अम्मा उठत नाहीत. दवाखान्यात डॉक्टरनं तुमची चामडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. त्यांनी विचारलं, पाणी किती पितात? मी तोऱ्यात म्हटलं, घरात माठ भरलेला असतो डॉक्टरसाहेब, अडवलं कोणी? ते सलाइन लावायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डोळे उघडले. हे चहा आणायला खाली गेले होते. तुम्ही माझं मनगट धरलं. जोर नव्हता, पण सोडलं नाही.

“भुऱ्यानं नाई केलं वो.”

मला वाटलं, बरळतात. मी म्हटलं, बरं, बरं, आपण त्याला परत आणू, तुम्ही झोपा. तुम्ही मान हलवली. “नाई. त्यानं नाई केलं.” मी म्हटलं, हो हो, जाऊ द्या, कुत्रंच ते. आणि चमच्यानं पाणी तोंडाशी नेलं. तुम्ही ओठ मिटून घेतले. माझ्या हातच्या पाण्याला. दवाखान्याच्या पलंगावर, सलाइन सुरू असताना, पलंग ओला होईल म्हणून. त्याच दिवशी ऊन उतरता उतरता तुम्ही गेल्या.

तुम्ही सांगितलं होतं. हिंमत करून, सगळं मोडून सांगितलं होतं. मीच लहान पोराला थोपटावं तसं तुम्हाला थोपटलं.

अकराव्या दिवशी तुमचं अंथरूण द्यायचं म्हणून बाजेखालची ट्रंक ओढली. तिच्या मागे, भिंतीशी, साखरेच्या पोत्यात घड्या. लुगड्याचे चौकोनी तुकडे, चार पदरी शिवलेले, कडा मुडपलेल्या. पिंटूच्या वेळी त्याचे लंगोट तुम्ही असेच शिवले होते, म्हणून हातात घेताच ओळखले. पण या तुकड्यांचे आकार मोठे होते. आणि कापड तुमच्या हिरव्या लुगड्याचं, जे भांडीवालीला दिलं असं तुम्ही मला सांगितलं होतं. सगळे धुतलेले, साबणाचा वास येणारे, एकावर एक. किती दिवस शिवत होत्या? मी ऑफिसात असताना? कुठे वाळवायच्या? आंगणातल्या दोरीवर तर मी कधी पाहिले नाहीत. मी फाटकी उघडून बाहेर गेले. बेशरमच्या आत, भुऱ्याच्या जागेच्या मागे, दोन फांद्यांना सुतळी बांधलेली होती. दोन लाकडी चिमटे अजून तिच्यावर.

मी तिथंच बसले. मिसराईननं खिडकीतून विचारलं, क्या हुआ दीदी? मी म्हटलं, कुछ नहीं.

मला आता सगळं एकत्र दिसते. कापडं पुरेनात, पाय उचलेनात, मग ते बोळीत व्हायचं. भुऱ्या होता तोवर आळ घ्यायला कोणी होतं. तो गेल्यावर जे होईल ते तुमच्याच नावानं झालं असतं. म्हणून तुम्ही पाणीच बंद केलं. मी रोज दारातून नाक पुढे करून येणारी बाई. तुम्ही माझं बाळंतपण काढलं होतं, आत्याबाई. दीड महिना मला उठू दिलं नाही. माझं रक्ताचं, घाणीचं सगळं धुतलं, नाकाला पदर न लावता. माझी आईसुद्धा एवढं करती का, मला माहीत नाही. आणि त्या बाईला माझ्यासमोर आपलं मूत सांगता आलं नाही. असं काय केलं होतं मी माझ्या घराचं?

दुसऱ्या दिवशी बस धरून मी एकटीच रसमड्याला गेले. यांना सांगितलं, बाजारात जाते. चौकीदार भला माणूस आहे. खाट टाकली, पाणी दिलं. मी तेच विचारलं जे विचारायला गेले होते. तो म्हणाला, “नहीं भाभी, ये तो पक्के में कभी करता ही नहीं. दिन भर बँधा रहे तो भी रोक लेगा, गेट के बाहर घास पर ही जाएगा.” तो भुऱ्याचं कौतुक करून राहिला होता आणि मला एकेक शब्द लागत होता. भुऱ्या त्याच्या खाटेखाली होता. मी हाक मारली, ये भुऱ्या. मराठीत. त्यानं कान उचलले. मग मला पाहिलं, पोट जमिनीला लावलं आणि मागे मागे सरकत चौकीदाराच्या पायांआड गेला. मी घरून त्याची साखळी नेली होती, ती पिशवीतच राहिली. चौकीदार म्हणाला, ले जाना है क्या? मी म्हटलं, नहीं, यहीं ठीक है.

तेराव्याला पंगत उठल्यावर तुमची सुमन माझ्याजवळ येऊन बसली. तुमसरच्या आत्या, मामी, सगळ्या तिथंच. तिचे डोळे रडून सुजलेले. ती म्हणाली, वहिनी, आईचा त्या भुऱ्यावर किती जीव होता, तू त्याले कावून काढलं? म्हातारीनं त्याच्यामागं खाणंपिणं सोडलं म्हणतात. सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. यांनीही पाहिलं.

माझ्या तोंडात होतं, आत्याबाई. त्यानं कधीच काही केलं नव्हतं, हे माझ्या जिभेवर होतं. आणि ते निघालं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग कोणी केलं? एवढ्या बायांत. तुमच्या नावाच्या पंगतीच्या उष्ट्या पत्रावळी अजून उचलायच्या होत्या.

मी म्हटलं, घरात घाण करायचा.

सुमन उठून गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही, दरवेळी पडते. ती हे आता जन्मभर मनात ठेवील की एका ओल्या फरशीपायी वहिनीनं आईचं कुत्रं हाकललं आणि आई त्या दुःखानं गेली. ठेवू द्या. खोटं त्यात फार थोडं आहे. भुऱ्यावर मात्र मी पुन्हा एकदा आळ घातला, या वेळी जाणूनबुजून, आणि त्याबद्दल त्याची माफी मागायला त्यानं मला जवळही येऊ दिलं नाही.

तुम्ही मला एकदा, फक्त एकदा, “पोरी, मले झालं” असं म्हणायला पाहिजे होतं. मला तुमचा राग येते, आत्याबाई, एवढा राग येते की रडू थांबत नाही. मी गोड बोलले असते असं आज म्हणणार नाही. मला मी ओळखते. मी आधी कपाळाला हात लावला असता. दोन शब्द तोडून बोलले असते, आणि तुम्हाला ते लागले असते. मग मी पदर खोचून खाली बसले असते आणि पुसलं असतं. दुसऱ्या दिवशीही पुसलं असतं, चिडचिड करत, रोज. आणि तुम्ही पाणी पिऊन इथं बसल्या असत्या.